वेळूच्या दांडीची पिशवी

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात जे काही चालते त्याला आमचे हे 'हद्दपारी' म्हणतात. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, कपाटे पोटातले सगळे ओकून टाकतात आणि घरातली प्रत्येक वस्तू माझ्यापुढे आरोपीसारखी उभी राहते. राहायचे की जायचे? रद्दीवाला, भंगारवाला आणि भांडेवाली या तिघांचे पाय त्या दिवसांत आमच्या अंगणाला लागतात. पुण्यामुंबईकडे जिला बोहारीण म्हणतात तीच आमची परभणीची भांडेवाली. माझ्या वाचकभगिनींना तिची ओळख करून द्यायला नकोच. डोईवर पाटी, पाटीत स्टीलची पातेली, आणि नजर अशी की साडी घडीतून बाहेर पडायच्या आत तिची विरलेली जागा तिला दिसलेली असते. तुमची साडी ती उन्हाकडे धरते, दोन बोटांत काठ चोळते आणि एवढेसे झाकण पुढे सरकवून म्हणते, "ह्याच्यावर हे घ्या." मग अर्धा तास वाद. शेवटी झाकणाचे डबा होते, पण पातेले काही होत नाही.

जुनी वस्तू विकण्याची सगळी विद्या मी या बाईकडून शिकले असे मला वाटत होते. यंदा कळले की ते फक्त पहिलीचे पुस्तक होते.

गेल्या वर्षी आमच्या काकू गेल्या. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आयुष्य, त्यातली साठाहून अधिक वर्षे नानलपेठेतल्या एकाच वाड्यात. मूलबाळ नव्हते. काका डॉक्टर, ते १९९४ साली गेले. त्यानंतर काकू एकट्या राहिल्या आणि शेवटची अकरा वर्षे त्यांच्याजवळ मावशी राहिल्या. मावशी नात्याच्या कोणी नव्हेत. गंगाखेडकडच्या एका खेड्यातून धाकट्या लेकीला घेऊन धुणेभांडी करायला म्हणून आल्या आणि राहिल्या. काकूंचे औषध, काकूंची आंघोळ, काकूंचा राग, सगळे त्यांनी सोसले. आम्ही सारे सणावारी जाऊन पाया पडणारे. खरे सांगायचे तर काकूंना शेवटच्या दिवसांत कुणाची हाक ओळखू येत असेल तर ती मावशींची.

जाण्याआधी महिनाभर काकूंनी मला जवळ बसवून सांगितले होते, "ती परदेशी पिशवी आहे ना, वेळूच्या दांडीची, ती मावशीच्या लेकीसाठी. पण पिशवी देऊ नकोस. ती पोर तिचं काय करील? पैसे करून दे. तिला नर्स व्हायचंय."

मी हो म्हटले. मनात म्हटले, पिशवीचे असे कितीसे पैसे होणार! फार तर एक पातेले.

आता ही पिशवी आमच्या घरात आली कशी ते सांगितले पाहिजे. काका विलायतेला शिकायला गेले होते. तिथल्या इस्पितळात काही वर्षे काढून १९६१ साली परत निघाले. त्या काळी विमानाचे भाडे कुणाला परवडत होते? पुष्कळ विद्यार्थी इंग्लंडहून आगगाडीने इटलीला येत आणि तिथून बोटीने मुंबई गाठत. काका जिनोआ बंदरातून लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या 'व्हिक्टोरिया' बोटीत बसले. बोट सुटायला दोन दिवस अवकाश होता. बायकोसाठी काहीतरी न्यायला हवे, आणि खिशात फारसे काही उरलेले नाही. बंदराजवळच्या गल्लीत जुन्या वस्तूंचे एक दुकान दिसले. तिथे त्यांनी ही पर्स घेतली. म्हणजे वाचकहो, काकूंच्या हाती आली तेव्हाच ती पिशवी वापरलेली होती. पहिली मालकीण कोण, तिने ती का विकली, हे त्या इटालियन दुकानदारालाच ठाऊक.

काकूंना मात्र पिशवी पाहून रडू कोसळले होते म्हणे. आनंदाचे नव्हे. आजूबाजूच्या बायकांच्या यजमानांनी कुणी घड्याळ आणले होते, कुणी नायलॉनच्या साड्या आणल्या होत्या, आणि यांनी इतकी वर्षे विलायतेत राहून आणली काय, तर वेळूच्या दांडीची पिशवी! "अहो, सूप आणि टोपली आपल्या परभणीतही मिळते," असे काकूंनी त्यांना सांगितले होते. ही गोष्ट काकू स्वतःच हसत हसत सांगत, आणि दर वेळी शेवटी त्या पिशवीवरून हात फिरवीत.

पिशवी होती मात्र देखणी. मधाच्या रंगाचे जाड कातडे, पितळी कड्या, वेळूच्याच तुकड्याची फिरकी, आणि वर कमानीसारखी वाकवलेली दांडी. लग्नामुंजीला काकू ती काढीत. आत अत्तराची कुपी, हळदीकुंकवाची डबी आणि आहेराची पाकिटे. एरवी ती ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात.

१९६८ साली पूर्ण्याला एक लग्न होते. परभणीहून पूर्णा म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण तेव्हाची ती मीटरगेजची गाडी आणि लग्नसराईची गर्दी! डब्यात चढताना कुणाच्या तरी वळकटीखाली पिशवी चेंगरली आणि दांडीचे दोन तुकडे झाले. काकू लग्नभर उदास. काका म्हणाले, "इटलीला पाठवायची का दुरुस्तीला?" काकूंना ती चेष्टा लागली. दुसऱ्या दिवशी परत येऊन त्या पिशवी घेऊन सरळ बुरुडाच्या दुकानी गेल्या.

त्या बुरुडाने काय केले हे काकूंच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले आहे की मी तिथे उभी होते असेच मला वाटते. त्याने आधी ते दोन तुकडे जोडून जमिनीवर ठेवले आणि कोळशाने त्यांच्याभोवती रेघ मारून घेतली. मग पोकळ नव्हे, लाठीला घेतात तसा भरीव वेळू शोधला. पेरे जवळजवळ असलेला. तेल चोळून निखाऱ्यावर फिरवीत फिरवीत तो नरम केला, घाई केली तर जळतो आणि हयगय केली तर तडकतो. आणि एका वाटोळ्या दगडाभोवती वाकवून, सुतळीने बांधून आठ दिवस सावलीत ठेवला. आठ दिवसांनी सुतळी सोडली तरी कमान उघडली नाही. मजुरी घेतली सव्वा रुपया. जुनी दांडी आणि नवी दांडी यांत फरक इतकाच की नवी थोडी अधिक पिवळी होती. पाचसहा वर्षांत तोही फरक काकूंच्या हातांनी पुसून टाकला.

तर ही पिशवी गेल्या दिवाळीनंतर माझ्या कपाटात आली आणि यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या सूनबाईंच्या नजरेस पडली. सूनबाई पुण्याच्या. तिने पिशवी उघडली, आतल्या बाजूला कातड्यावर उठवलेली बारीक अक्षरे वाचली आणि एकदम खालीच बसली.

"आई, ही गूची आहे!"

"असेल," मी म्हटले. मला ते एखाद्या आजाराचे नाव वाटले.

मग तिने मला शहाणे केले. फ्लॉरेन्स शहरात गूच्चो गूची नावाच्या माणसाने १९२१ साली चामड्याच्या वस्तूंचे दुकान काढले. हा गृहस्थ तरुणपणी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात नोकर होता. श्रीमंतांच्या बॅगा उचलता उचलता बॅगा कशा असाव्यात ते त्याने शिकून घेतले. महायुद्धानंतर इटलीत सगळ्याच मालाची टंचाई. तेव्हा १९४७ च्या सुमारास त्याच्या कारागिरांनी जपानहून मिळणारा वेळू घेतला, तो विस्तवावर धरून वाकवला आणि त्याची मूठ पिशवीला लावली. अडचणीतून निघालेली ती तऱ्हा जगभरच्या बायकांना इतकी आवडली की आजतागायत चालू आहे. इन्ग्रिड बर्गमन या नटीने रॉबेर्तो रोसेलिनीच्या १९५४ सालच्या चित्रपटात अशीच पिशवी हाती धरली होती. (हेच रोसेलिनी १९५७ साली आपल्या मुंबईत निराळ्याच कारणाने गाजले. ते प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. आपण पुढे जाऊ.)

विस्तवावर धरून वाकवला! मी सूनबाईला म्हटले, "अगं, मग आमच्या बुरुडाने वेगळं काय केलं?"

ती गप्प झाली. तिला दांडीची गोष्ट ठाऊक नव्हती.

अशा जुन्या पर्सांचा बाजार आता फार मोठा झाला आहे. मला वाटत होते की परदेशात लोक नव्यालाच भुललेले. तसे नाही. २०२५ च्या जुलैत पॅरिसला जेन बर्किन या नटीची काळी चामडी पिशवी लिलावात ८६ लाख युरोंना गेली. म्हणजे आपले सुमारे ८६ कोटी रुपये! हर्मेस या कंपनीने १९८४ च्या सुमारास ती खास तिच्यासाठी करून दिली होती. आणि पिशवी कशी, तर घासलेली, डागाळलेली, चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या खुणा असलेली, आत नखे कापण्याचा चिमटा लोंबणारा. आमच्या भांडेवालीने तिच्यावर चहाची गाळणीसुद्धा दिली नसती. बाईंनी स्वतः ती १९९४ साली एड्सच्या रोग्यांसाठी पैसे उभे करायला देऊन टाकली होती.

या व्यापाराला त्यांच्यात शब्दही गोड आहेत. 'सेकंडहॅण्ड' म्हणायचे नाही. 'प्री-लव्ह्ड' म्हणायचे. म्हणजे आधी कुणीतरी जिच्यावर जीव लावला ती. मी हे मावशींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग काय खोटं हाय? काकूंचा जीव व्हताच की तिच्यावर."

मला मात्र त्या शब्दाने आमच्या घरातली दुसरीच एक वस्तू आठवली. आमच्या आजेसासूबाईंची पैठणी होती. खऱ्या जरीची, म्हणजे चांदीची बारीक तार काढून, तिच्यावर सोन्याचे पाणी चढवून रेशमावर गुंडाळलेली. पदरावर बांगडीमोर, उलट आणि सुलट दोन्हीकडून सारखाच दिसणारा. तीही जीव लावलेलीच. पण १९७२ च्या दुष्काळात सेलूकडच्या आमच्या शेतात काही पिकले नाही, घरात खाणारी माणसे सोळा, आणि दारावर 'जुनी जर' म्हणून ओरडत फिरणारा आला. त्याने पदर आणि काठ कापले, तागडीत घातले, वजनावर पैसे दिले आणि नेऊन जाळले. जाळले की रेशमाची राख होते आणि चांदीचा गोळा उरतो. त्या वर्षी आमच्या घरी मोरापेक्षा ज्वारी मोलाची होती, त्यामुळे मी सासूबाईंना कधी दोष दिला नाही. पण ती पैठणी ज्याने विणली त्याच्या हाताची किंमत त्या तागडीत कुठे धरली होती, हे मला अजून कळलेले नाही. नुसते चामडे आणि पितळ म्हणून तोलली तर या पिशवीची किंमत तरी काय झाली असती?

असो. सूनबाईने पिशवीचे फोटो काढले आणि मुंबईच्या एका दुकानाला पाठवले. दुकानाचे नाव मी देत नाही. त्यांनी आमच्याशी सरळपणाच केला. असे दुकानदार दोन तऱ्हांनी माल घेतात. एक, रोख देऊन कायमचा विकत. यात पैसे लगेच, पण कमी. दुसरी, वस्तू त्यांच्याकडे ठेवायची, गिऱ्हाईक मिळाले की ते आपला हिस्सा कापून उरलेले देतात. यात रक्कम जास्त, पण केव्हा मिळेल ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. मावशींच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला होता. फी आणि वसतिगृह मिळून पहिल्या वर्षाचे साठ हजार भरायचे होते, तेही महिन्याच्या आत. तेव्हा रोखच.

ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी पर्स असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. चकाकी यावी म्हणून बुटाचे पॉलिश लावू नका. लावलेत की किंमत उतरलीच. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तराला लागते. साधा कोरा कागद किंवा जुने मऊ सुती कापड भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर पावसाळ्यात बुरशी धरेल. डांबराच्या गोळ्यांचा वास कातड्यातून वर्षानुवर्षे जात नाही; काकूंचा कडुलिंब त्या मानाने शहाणा. आणि पर्स सापाच्या किंवा मगरीच्या कातड्याची असेल तर विकायच्या आधी एखाद्या जाणत्या वकिलाला विचारा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या बाबतीत कडक आहे. आमची पर्स, सूनबाईने भिंग लावून पाहिले, डुकराच्या कातड्याची निघाली. केसांची छिद्रे तीन तीनच्या पुंजक्यांत असतात त्यावरून ओळखतात म्हणे. काकूंनी याच पिशवीतून वर्षानुवर्षे सत्यनारायणाचा प्रसाद घरी आणला होता. हे त्यांच्या हयातीत कळले नाही ते बरे झाले.

चार दिवसांनी दुकानाचे उत्तर आले. वस्तू प्रत्यक्ष पाहून, सगळे भाग मूळचे असतील तर पासष्ट हजार.

सगळे भाग मूळचे असतील तर!

आता मी माझ्या मनाची जी अवस्था सांगणार आहे ती काही भूषणाची नाही. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले. खरे बोलावे हे फळ्यावर लिहिले, मुलांकडून गिरवून घेतले. आणि ते उत्तर वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की फोटोत दांडी ओळखू येत नाही. सूनबाई म्हणाली, "आई, त्यांनी विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला?" मी म्हटले, "बघू." वाचकहो, हा 'बघू' शब्द फार सोयीचा आहे. त्यात होकारही नाही आणि पापही नाही.

माझ्या बाजूनेही थोडे बोलते. पैसे माझे नव्हते. माझे असते तर मी सहज सांगून मोकळी झाले असते. स्वतःच्या खर्चाने खरे बोलणे मला कधी जड गेले नाही, कारण तसा प्रसंगच फारसा आला नाही. इथे माझ्या खरेपणाचा खर्च एका सतरा वर्षांच्या पोरीला पडणार होता, जिच्या आईने अकरा वर्षे काकूंची उशी बदलली होती. असे मी तीन रात्री स्वतःला समजावीत होते. चौथ्या रात्री मी आणि मावशी मुंबईच्या गाडीत बसलो. मावशींना मी मुद्दाम बरोबर घेतले, पैसे त्यांच्या हातात पडावेत म्हणून. त्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती.

दुकान म्हणजे दुकानासारखे नव्हतेच. गालिचा, मंद दिवे, काचेच्या कपाटात एकेक पिशवी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी मांडलेली. मावशींनी चपला दाराबाहेर काढल्या. तिथल्या तरुण गृहस्थांनी त्यांना "असू द्या, असू द्या" म्हणून सांगितले, तरी त्यांनी घातल्या नाहीत.

त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि पिशवी पुढ्यात घेतली. मला आमची भांडेवाली आठवली. तीच नजर, फक्त हातमोजे जास्त. आधी नुसते हातात धरून वजन पाहिले. मग वास घेतला. भिंगातून आतली अक्षरे पाहिली, टाके मोजले, चारही कोपरे दाबून पाहिले, अस्तराच्या शिवणीत बोट घातले, फिरकी दहा वेळा फिरवली. प्रत्येक वेळी मान डोलवीत. मी घाम पुशीत होते. मग त्यांनी दांडीवरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाले, "काय सुंदर तेज आलंय बघा याला! ही खरी इटलीची कारागिरी."

आणि मावशी हसल्या. तोंडावर पदर घेऊन, पण मोकळ्या हसल्या.

"इटलीची कशाची वो? परभनीची हाय ती! पूर्ण्याच्या लग्नाला जाताना इटलीवाली मोडली. काकूंनी आमच्या बुरडाकडून ही करून घेतली. सव्वा रुपयात!"

किती अभिमानाने सांगितले त्यांनी! सव्वा रुपया म्हणताना तर त्यांची मान काकूंसारखीच वर झाली.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. मी पिशवीकडे पाहिले. मग त्यांनी पुन्हा भिंग घेतले, कड्यांच्या आत जिथे दांडी शिरते ती जागा पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर कदाचित मला कळलं नसतं." हे ते मावशींना म्हणाले. मला नाही.

त्यांच्या छापील कागदावर एक ओळ होती : सर्व भाग मूळ आहेत, होय की नाही. मी 'नाही'वर खूण करून खाली सही केली. किंमत झाली एकतीस हजार. त्यांनी कारणही नीट समजावले. घेणारे लोक कंपनीच्या नावाचे पैसे देतात. दांडी कितीही चांगली असली तरी तिच्यावर ते नाव नाही. ते त्याच काळातली एखादी मोडकी पिशवी शोधून तिची दांडी हिला बसवणार होते. मला ते विचित्रच वाटले. मेलेल्या पिशवीची दांडी चालते, चालत्या पिशवीची चालत नाही! पण बाजार त्यांचा, रीत त्यांची. आमच्या जरीवाल्याने निदान काही समजावण्याचे कष्टही घेतले नव्हते.

"मग ही दांडी आम्हाला परत मिळेल का?" मी विचारले. त्यांनी आतून एका कारागिराला बोलावले. पाच मिनिटांत दांडी निघाली. ती त्यांनी पातळ कागदात गुंडाळून मावशींच्या हातात दिली, आणि पैसेही.

परत येताना देवगिरी एक्स्प्रेसमध्ये खालचे दोन बाक मिळाले. कल्याण मागे पडेपर्यंत मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, म्या बोलले म्हनून किती गेले?"

मला खोटे सांगता आले असते. सांगितले नाही. "चौतीस हजार."

त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मला वाटले रडतील. रडल्या नाहीत. त्यांनी दांडीचा कागद थोडा उघडला, पुन्हा बंद केला.

"तुमाला ठाव व्हतं ना, दांडी इथली हाय ते?"

"होतं."

"मंग तुम्ही काऊन नाही बोलल्या?"

समोरच्या बाकावरच्या माणसाने दिवा मालवला. मी काही उत्तर दिले नाही आणि मावशींनी पुन्हा विचारले नाही. मनमाड येईपर्यंत मी जागी होते. त्याही जाग्या होत्या, हे मला त्यांच्या बांगड्यांवरून कळत होते.

फी मुदतीत भरली. उरलेल्या पैशांचे काय केले ते विस्ताराने सांगण्यासारखे नाही; आमच्या बैठकीच्या खोलीत यंदा नवा सोफा यायचा होता, तो आला नाही, एवढेच. यांनी एकदाच विचारले आणि जुन्या सोफ्याच्या मोडक्या स्प्रिंगवर सवयीने एका बाजूला सरकून बसले. पोर वसतिगृहात राहायला गेली आहे. तिथले जेवण आवडत नाही असे फोनवर सांगते, म्हणजे रुळली म्हणायची.

नवरात्र संपल्यावर एक दिवस मावशी दांडी घेऊन माझ्याकडे आल्या. बरोबर एक जाड कापडाची पिशवी होती, काकूंच्या जुन्या चादरीची, स्वतः शिवलेली. म्हणाल्या, "चला वो बाई, बुरडाकडं."

तो म्हातारा बुरूड कधीच वारला. आता मुलगा दुकान चालवतो. तोही साठीचा. टोपल्या आणि सुपे आता कमी खपतात. लग्नाच्या रुखवतासाठी रंगवलेल्या परड्या, थोड्या शिड्या, असे काहीबाही चालते. त्याने दांडी हातात घेतली, उजेडाकडे धरली, दोन्ही टोकांनी दाबून पाहिली. मग पेऱ्याजवळची एक जागा अंगठ्याने चाचपीत म्हणाला, "हे आमच्या बाचं काम हाय. इथं तो असाच तासायचा, डाव्या हाताचा व्हता ना."

त्याने ती आणखी दोनदा फिरवून पाहिली. "कुठं व्हती वो ही इतके दिवस?"

"मुंबईला जाऊन आली," मावशी म्हणाल्या. "हिला ही पिशवी लावून दे. शनिवारच्या बाजाराला न्यायची हाय मला. किती घेशील?"

"दीडशे."

मी पर्स उघडू लागले. मावशींनी माझा हात धरला.

"दीडशे कशाचे? दांडी तर आमचीच हाय. नुसते दोन टाके घालायचे."

पंधरा मिनिटे वाद झाला. शेवटी सव्वाशेवर आला.